चॉकलेटची गाठी

घरातलं माणूस गेलं की आमच्या भावकीत वर्षभर सणाला कढई चढत नाही. पुरण शिजत नाही, तळण होत नाही, गोडाचं म्हणून विस्तवावर काही ठेवायचं नाही. बाहेरून कुणी आणून देईल ते खायचं आणि सण ढकलायचा. याला आमच्याकडे दुखाचं वर्ष म्हणतात. नियम कुणी घातला कुणास ठाऊक, पण तो मोडायची माझीही छाती झाली नाही, आणि मी काही गरीब गाय नव्हे. मी शाळेत मराठी शिकवते. पोरं मागून मला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे, आणि ते फारसं खोटं नाही.

ते वर्ष माझ्या धाकट्या जावेचं होतं. दिवाळी सरली आणि ती गेली, बत्तीस वर्षांची. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, सैन्यात. आमचे हे मुंबईला नोकरीला, मुलगा पुण्याला शिकायला. त्यामुळे मलकापूरच्या घरात उरलो आम्ही तिघी: सासूबाई, मी, आणि जावेची दुसरीतली पोर. ती मला थोरली आई म्हणते. आई असताना ते नुसतं नातं होतं. आई गेल्यावर तिने हाक मारली की मला दर वेळी वाटायचं, यातला पहिला शब्द गळून पडायला नको.

जी गोष्ट माझी पाठ सोडत नाही, ती आधीच सांगून टाकते. जाऊ गेली त्याच्या वर्षभर आधीच्या दिवाळीत, पहिल्या अंघोळीला, मी तिच्या पाठीला तेल चोळत होते. तिने माझा तेलकट हात धरला आणि डाव्या काखेखाली, छातीच्या कडेला नेऊन ठेवला. बोटाखाली वाटाण्याएवढं काहीतरी टणक लागलं. दाबलं तरी हलत नव्हतं. ती म्हणाली, "आक्का, कुणाला बोलू नगा. ह्यांची छुट्टी पंधरा दिवसाची. सण होऊ दे, मग बघू." मी हो म्हटलं. सण झाला, दीर परत गेला, मी गप्पच राहिले. संक्रांतीला एकदा विचारलं, तर म्हणाली, "दावून आले, काय न्हाई म्हणत्यात." ती कुठेही गेलेली नव्हती. घरातून कोण कधी बाहेर पडतं हे मला कळत नाही असं थोडंच आहे? पण मी ते खरं मानून घेतलं, कारण खरं मानणं सोपं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दीर रजेवर आला तेव्हा सगळं बाहेर आलं. मिरजेला नेलं. कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पलंगाच्या पायाशी उभी होते. जावेने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "महिना झाला असंल." तिने मला वाचवलं, आणि मी स्वतःला वाचवू दिलं. पुढचे सहा महिने मी तिचं सगळं केलं. केस गळले तेव्हा उशी मी झटकली, उलट्या मी काढल्या, शेवटचं पाणीही मीच घातलं. लोक म्हणत, जाऊ असावी तर अशी. मी ऐकून घेत होते.

ती गेल्यावर घरात काही दिसलं, काही वाजलं, असलं काही नाही. झालं ते माझ्या हाताला. कणीक मळताना, भाजी निवडताना, वर्गात खडू धरताना बोटाच्या टोकाला तो वाटाणा लागायचा. डाळीत खडा आला तरी माझा हात थांबायचा. आणि मिक्सर. मी मिक्सर लावला की जाऊ पलीकडून ओरडायची, "बास आक्का, पिठी व्हईल." मला थांबायचं भान नसतं, तिला असायचं. आता मी मिक्सर लावून उभी राहिले की त्या आवाजाच्या आतून मला "बास" ऐकू यायचं. स्पष्ट. मी बटण बंद करायचे आणि बघायचे, तर बरोबर हवं तेवढंच बारीक झालेलं असायचं.

पोरीचं वेगळंच होतं. ती रडायची नाही. अभ्यास करायची, वेणी घालून घ्यायची, वाढलेलं मुकाट्याने खायची. पण एक गोष्ट तिने बंद केली होती. आधी ही पोर कुणाच्या तोंडात काही घातल्याशिवाय स्वतः खायची नाही. गोळी असो, चिक्की असो, निम्मी तोडून आधी दुसऱ्याला. आता तिने कुणालाही हाताने काही देणं सोडलं होतं. ताटातली भाकरी पुढे कर म्हटलं तरी ताट सरकवायची, भाकरीला हात लावायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोर लय आप्पलपोटी झाली गं." मी म्हणायचे, आई नाही तिला, असू द्या. पण मला ते बरं वाटत नव्हतं. पोरगी आतून कुठेतरी बंद होत चालली होती आणि मला दार सापडत नव्हतं.

गुढीपाडवा आठ दिवसांवर आला. दीर चार दिवसांची सुट्टी काढून येणार होता. शाळेतल्या एका बाईने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: गॅस न लावता चॉकलेटचे लाडू. मारी बिस्किटांचा चुरा, कोको, आटवलेल्या दुधाचा डबा, थोडं लोणी, वरून पातळ चॉकलेट. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. कढई नाही, विस्तव नाही, मग नियम कुठे मोडतो? फक्त ते वरचं चॉकलेट वितळवायचं कशावर, एवढाच प्रश्न होता. मी कऱ्हाडला जाऊन बेकरीचं सामान विकणाऱ्याकडून चॉकलेट आणलं. त्याला तो स्लॅब म्हणतो. सासूबाईंना सांगितलं, उद्या स्लॅबवर स्लॅब वितळवायचा आहे, तर त्या घराच्या छताकडे बघून घाबरल्या.

मग मी नीट विचारलं. "आत्याबाई, गॅस लावणार नाही. काडी ओढणार नाही. मग तर चालंल?"

"मग वितळणार कशावर?"

"उन्हावर. गच्चीत ठेवणार."

घरातला कायदा त्यांच्या हातात, आणि त्या तो कुणासाठी वाकवत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "ऊन काय आपल्या घरचं हाय व्हय? ते बाहेरनंच येतंय. आन् बाहेरनं आल्यालं चालतं. कर."

पाडव्याला सकाळी दिराने गच्चीवर गुढी उभी केली. साडी साधीच होती, आणि गाठी नव्हती. आमच्याकडे गाठी घरातल्या माणसाने आणायची नाही असं त्या वर्षीचं ठरलं होतं. पोरीच्या मामाने विट्याहून एक पाठवली होती, साखरेची, पांढरीशुभ्र, पण ती पोरीने गळ्यात घालून घेतली नाही. पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिली नाही. मला वाटलं, आईच्या माहेरची म्हणून जीवाला लागलं असेल.

अकराच्या उन्हात मी चॉकलेटचे तुकडे स्टीलच्या पातेल्यात घालून गच्चीत ठेवले, वर चाळण. चैत्रातलं ऊन. अर्ध्या तासात कडा सुटल्या, तासाभरात सगळं पातळ. पोरगी दर पाच मिनिटांनी जिना चढून बघून येत होती आणि खाली येऊन बातमी देत होती. "अजून मधे डोंगर आहे." "आता डोंगर बुडला." इतक्या महिन्यांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी मिक्सर लावला आणि बिस्किटं फिरवत उभी राहिले. आतून "बास" आलं. मी बंद केलं.

कोको, दूध, लोणी घालून पोरीने दोन्ही हातांनी कालवलं. कोपरापर्यंत तपकिरी झाली. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "शेणाची भुई सारवल्यागत दिसतंय, पण वास बरा येतोय." आम्ही लाडू वळायला बसलो. चौथा की पाचवा लाडू वळताना माझ्या बोटाखाली बिस्किटाचा एक न फुटलेला खडा आला. वाटाण्याएवढा. मी हात तसाच धरून बसले. समोर चौरंगावर पोर तिच्या आईसारखीच मान वाकडी करून वळत होती. मला वाटलं, आत्ता कुणीतरी माझा हात धरून ठेवलाय. मग मी तो लाडू फोडला, खडा चिमटीत दाबून चुरला आणि परत वळला. पोरीने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, गाठ राहिली होती."

ती एकदम थांबली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

लाडू झाले, आणि पातेल्यात पातळ चॉकलेट बरंच उरलं. मला वाटलं, पोरीला गंमत करून दाखवावी. ताटाला तूप चोळलं, त्यावर पांढरा दोरा आडवा ठेवला आणि दोऱ्यावर चमच्याने एकेक थेंब सोडत गेले. साखरेची गाठी असते तशीच, फक्त काळी. फ्रिजमध्ये ठेवली. जेवणं झाल्यावर काढली तर छान कडक झाली होती. दोरा धरून उचलली. मी स्वतःवरच खूष होते. पोरीला हाक मारली आणि म्हटलं, "हे बघ, थोरल्या आईने तुझ्यासाठी चॉकलेटची गाठी केली."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. जवळ आली नाही. सासूबाईंनी हात पुढे केला, "आण बघू, मला एक तोड." मी एक थेंब तोडून त्यांच्या हातावर ठेवला. त्या तोंडाकडे नेतात तोच पोर धावत आली आणि त्यांच्या हातावर फटका मारून तो तुकडा उडवला. माझ्या हातातली माळ हिसकली, खाली टाकली आणि वर उभी राहिली. पायाखाली त्याचा कडकड आवाज झाला.

मला राग आला. मला लगेच येतो. आठ दिवसांचा खटाटोप, दुखाचं वर्ष, म्हातारीच्या हातावर मारते आणि अन्नावर पाय देते. मी तिचा दंड धरला आणि हात उगारला. मारलं नाही, पण उगारला, हे खरं. ती डोळे मिटून म्हणाली, "आज्जीला नको. गाठ होईल."

माझा हात तसाच वर राहिला.

"कसली गाठ?"

"आईला झाली तशी. आईला मीच भरवली होती."

मग ते हळूहळू बाहेर आलं. आदल्या पाडव्याला मामाची गाठी हिच्या गळ्यात होती. तिने तिच्यातला एक तुकडा तोडून आईच्या तोंडात घातला. आईला ठसका लागला. छाती चोळत ती म्हणाली, "छातीत अडकली गं बाई." मी तिथेच होते. मला आठवलं, मीच हसत पाणी दिलं होतं. आणि दोन महिन्यांनी घरातली सगळी मोठी माणसं एकमेकांना सांगायला लागली की छातीत गाठ आहे. गाठ काढायची आहे. गाठ मोठी झालीय. गाठीनं नेलं. सात वर्षांच्या पोरीने दोन आणि दोन चार केले. मी वर्गात एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवते, त्याला दोन गुण असतात. माझ्या घरातलं पोर एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये वर्षभर चेंगरत होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी खाली बसले. तिला म्हटलं, "अगं, ती गाठ वेगळी आणि ही वेगळी. साखरेने तसलं काही होत नाही."

ती म्हणाली, "तुम्ही सगळे म्हणाला होता आई बरी होऊन येणार."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. ती म्हणाली, डॉक्टरांनी पण तेच सांगितलं होतं. मी देवाची शपथ घेतली. तिच्या लेखी आमच्या शब्दांची पत संपलेली होती, आणि ती आम्हीच संपवली होती. पुढच्या खोलीत दीर टीव्ही बघत होता, बातम्यांचा आवाज येत होता. खाटेवर सासूबाई. आणि मला कळत होतं की हिच्या मनातून ते काढेल अशी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. ती मी बोलले नसते तर पोरगी ते घेऊन मोठी झाली असती, कुणाच्या तोंडात घास न घालता, जन्मभर. तरीही मी लगेच बोलले नाही. एवढं कबूल करायला हवं. मी आधी टीव्हीचा आवाज ऐकत राहिले.

मग म्हटलं, "तू गाठी भरवलीस ती पाडव्याला. आईची गाठ त्याच्या आधीच्या दिवाळीत होती. मी स्वतः हात लावून बघितली होती. पहिल्या अंघोळीला, तेल लावताना. आईनेच माझा हात धरून दाखवली."

टीव्ही बंद झाला.

पोरीने विचारलं, "दिवाळी आधी येते की पाडवा?"

"त्या वर्षी आधी दिवाळी. मग संक्रांत, मग शिमगा, मग पाडवा."

तिने बोटांवर मोजलं. चॉकलेटने माखलेली बोटं एकेक करून दुमडली. पुन्हा उघडली, पुन्हा मोजलं. "म्हणजे मी भरवली तेव्हा आधीच होती."

"आधीच होती."

"म्हणजे मी नाही केलं."

"तू काहीसुद्धा केलं नाहीस."

तिने तोंडातून असा श्वास सोडला की मला तो अजून ऐकू येतो. मग ती माझ्याकडे बघत राहिली. पोरं हुशार असतात, आणि ही तर तिच्या आईची. म्हणाली, "मग तुला माहीत होतं तर तू कुणाला का नाही सांगितलंस?"

"आई नको म्हणाली होती. आणि मी घाबरले. मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर आई असती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "असती कदाचित."

सासूबाई खाटेवरून उठल्या. मला वाटलं आता काय ते ऐकावं लागणार. त्या खाली वाकल्या, फरशीवरचे चॉकलेटचे तुकडे हाताने गोळा करायला लागल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीचं हात धू." त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पोरीने हात धुतले, ताटातला एक लाडू घेतला, निम्मा तोडला. थोडा वेळ हातात धरून ठेवला आणि मग आज्जीच्या तोंडात घातला. दुसरा निम्मा स्वतः खाल्ला. मला दिला नाही. मीही मागितला नाही.

उन्हं कलल्यावर गुढी उतरवायची असते. हळदीकुंकू लावून मी गच्चीत गेले तेव्हा दीर आधीच तिथे होता. त्याने तांब्या काढला, साडी काढून घडी घातली, फौजेत शिकवतात तशी, कडेला कड. दुपारपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ऐकलंत. मला जे बोलायचं ते बोला."

तो काठीवरची दोरी सोडत राहिला. मग म्हणाला, "वैनी, मला ठावं हुतं."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"त्या दिवाळीतच माझ्या ध्यानात आलं हुतं. तिला म्हणलं, चल, उद्याच दावून येऊ. मी छुट्टी वाढवून घेतो. तर ती म्हणली, आक्कांना दावलीया. त्या म्हणल्या, दुधाची गाठ हाय, जिरंल." त्याने दोरी गुंडाळली. "तुमी शिकल्याल्या. म्हणलं वैनी म्हणत्यात तर आसंल. मी निघून गेलो."

तो म्हणाला, "मिरजंला तुमी बोलशीला वाटलं. मग ती गेल्यावर वाटलं. मी वाट बघत हुतो, तुमी कवा बोलताय. आज बोललासा, पर ते न्हाई बोललासा."

तो काठी खांद्यावर घेऊन जिना उतरून गेला.

वर मी लिहिलं आहे की जावेने गाठ दाखवली आणि मी गप्प राहिले. मी गप्प नव्हते राहिले. तिने विचारलं होतं, "आक्का, काय आसंल वं?" आणि मी, तेलाचा हात तिच्या पाठीवर पुसत, एका दमात सांगितलं होतं, "दुधाची गाठ असेल, जाईल जिरून." पोर अंगावरची सुटून चार वर्षं झाली होती. कुठलं दूध? चुलीवर पाणी उकळत होतं, बाहेर फटाके वाजत होते, मला घाई होती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मग त्या एका वाक्यावर नवऱ्याची रजा संपवली आणि सात महिने काढले. पोरीला मी सांगितलं की मी बोलले नाही. बोलले काय, ते नाही सांगितलं.

ती आता सहावीत आहे. चांगली वाढतेय, सगळ्यांना हाताने भरवते, मलाही. पाडव्याला आम्ही पुरणपोळ्या करतो आणि ती हट्टाने उन्हावर चॉकलेटही वितळवते. घरात पडलेला कुठलाही कागद ती वाचून काढते, किराणामालाच्या पुडीचासुद्धा. हे लिहिलेले कागद मी कुलपात ठेवलेले नाहीत. माझ्या टेबलावरच आहेत.